उपसलेला झिरा

"उपसा समदं. थेंब ठेवू नका तिथं."

आक्का हे बोलल्या आणि दोन बायका झिऱ्यात वाकल्या. भांड्यानं पाणी काढायचं, वाळूवर फेकायचं. काढायचं, फेकायचं. मी मायच्या लुगड्याला धरून उभी. तोंडाला कोरड पडलेली. आणि डोळ्यांसमोर पाणी वाळूत जिरत होतं.

आमच्या नदीला उन्हाळ्यात वाहतं पाणी नसायचं. पात्रातल्या वाळूत खड्डा खणला की खालून पाणी पाझरून यायचं. त्याला झिरा म्हणतात. गावाचे झिरे वर, महादेवाच्या घाटापाशी. आमच्या वस्तीचे खाली, वळणाच्या पुढं. वर सगळ्यांनी वापरून झालं की खाली येईल ते आमचं. त्या उन्हाळ्यात आमचे झिरे आटले. कोपरापर्यंत हात घातला तरी नुसती ओली वाळू हाताला लागायची. घरात माझा धाकटा भाऊ तापानं फणफणलेला. पाणी पाणी करत होता. मायनं घागर उचलली आणि निघाली. मी मागं.

वरच्या झिऱ्यावर भर उन्हात कुणी नव्हतं. मायनं वाटीवाटीनं घागर भरली. चुंबळ डोक्यावर ठेवली. तेवढ्यात पायऱ्यांवर आक्का दिसल्या. मागं दोन बायका.

आक्का म्हणजे गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरच्या मालकीण. नदीच्या दोन्ही काठची काळी जमीन त्यांची. आम्ही त्यांच्याच रानात खुरपायला जायचो. त्यांनी शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "घागर वत."

"आक्का, पोरगं तापलंय. लई आजारी हाय. एवढी एक घागर नेते."

"वत म्हणलं ना."

मायनं ओतली. स्वतःच्या हातानं. घागर उपडी केली आणि शेवटची धार पडेपर्यंत तशीच धरून ठेवली, आक्कांना दिसावं म्हणून.

तरी भागलं नाही. आमची वाटी झिऱ्यात बुडली होती. म्हणून झिरा बाटला. म्हणून सगळा उपसायचा. ज्या पाण्यासाठी गावातल्या बायका पहाटेपासून नंबर लावायच्या ते पाणी त्यांनी फेकून दिलं. आम्ही प्यायलेलं त्यांना बघवेना. वाळू प्यायलेली चालली. आणि माय म्हणत होती, "चुकलं आक्का. चुकलं माझं."

काय चुकलं होतं? मी हे तेव्हा विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी आम्हाला पाणी दिलं ते शिवारातल्या एका मुसलमान मळेवाल्यानं. विहिरीवरची दोरी मायच्या हातात दिली आणि म्हणाला, "ले जाव, पानी कू कायकी मनाई?" माय विहिरीच्या काठावर बसली आणि रडली. झिऱ्यावर नव्हती रडली.

भाऊ वाचला. संजय त्याचं नाव. त्याला यातलं काही आठवत नाही. तो तापात होता.

ही नदी काही मोठी नाही. डोंगरातून निघते, शहराच्या बाजूनं जाते, शेवटी कुठंतरी गोदावरीला मिळते. तिच्या काठी महादेवाचं दगडी देऊळ, त्याच्या पायऱ्या पात्रात उतरलेल्या. लग्नातली हळद तिच्या पाण्यात उतरवायची, बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की नदीवर जायची, मेलेल्या माणसाची राखही तिच्यातच. हे सगळं आमच्यातही होतं. फक्त वळणाच्या खाली. दिवाळीपर्यंत गुडघाभर पाणी असायचं. माझा बाप दगडाखालचे खेकडे हातानं धरायचा. मरळ मासा सापडला तर वस्तीवर त्या दिवशी सण. नदीनं आम्हाला कधी हाकललं नाही. हाकलणारे काठावर होते.

मग वरच्या अंगाला कारखाने आले. बाप पहिल्या खेपेला बांधकामावर गेला, खूश होता. दोन-तीन पावसाळे गेले असतील. एका सकाळी मासे पोट वर करून तरंगत आले. पोरं टोपली घेऊन पळाली. मायनं हाणून परत फिरवलं. पुढं फेस आला. मग पाणी काळं झालं, कधी तांबडं, कधी हिरवट. वास असा की जेवताना दार लावून घ्यायचं. काठच्या विहिरी गेल्या. आमच्या हापशाचं पाणी तासभर ठेवलं की वर पिवळी साय धरते. गावात आता घराघरात पाणी शुद्ध करायची मशीन आहे, पाण्याचे जार येतात. वस्तीवर टँकर येतो. आला तर येतो. माय नदीकाठच्या मळ्यात भाजी काढायला जायची, त्याच पाण्यावरची भाजी. तिच्या पायांची कातडी निघायला लागली. घोट्यापासून खाली पाय भाजल्यासारखे दिसतात. शहरातल्या सरकारी दवाखान्यात, घाटीत, दाखवलं. मलम दिलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यापासून लांब राहा. मायनं मला विचारलं, "लांब म्हंजी कुठं जाऊ?"

आता त्या नदीला कुणीच हात लावत नाही. ना वरच्या घाटावर, ना खालच्या. कुणाच्या वाटीनं ती बाटेल, हे बघायला आता तिथं कुणी उभं नसतं.

मी शिकले. माय खुरपत राहिली, संजयनं दहावीनंतर शाळा सोडली, म्हणून मी शिकले. इतिहासात एम.ए. केलं, पुढची प्राध्यापकीची परीक्षाही पास झाले. शहरातल्या एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. या शहराला डोंगरातून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरी मी पोरांना शिकवायची. मातीच्या खापरी नळांतून इतक्या लांबून पाणी कसं खेळवलं, हे सांगताना माझाच ऊर भरून यायचा. ते पाणी कुणाच्या हौदापर्यंत जायचं आणि कुणाच्या दारापर्यंत जायचं नाही, हे पुस्तकात नव्हतं. मीही सांगत नव्हते.

त्या कॉलेजच्या संचालक मंडळावर बापू होते. बापू म्हणजे आक्कांचा मुलगा. आता शहरात बंगला. नदीकाठची निम्मी जमीन गोदामांना विकलेली. कारखान्यांना कामगार पुरवायचं कंत्राटही त्यांचंच. आमच्या वस्तीतली बहुतेक पोरं त्यांच्याकडून कामाला. संजयसुद्धा.

गेल्या वर्षी बापूंनी गावात नदी उत्सव भरवायचं ठरवलं. शहरातली मोठी माणसं येणार, नदीची पूजा होणार, बायका डोक्यावर कलश घेऊन मिरवणूक काढणार. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्या गावच्या. इतिहासाच्या. नदीचा इतिहास तुम्हीच वाचा."

मला आनंद झाला. खरं सांगते, झाला. मी रात्रंदिवस लिहिलं. त्यात वरचा घाट लिहिला, खालचं वळण लिहिलं. झिरे लिहिले. बापूंचा फोन आला. "लई छान लिहिलंय मॅडम. फक्त ते वरचं-खालचं तेवढं काढा. नदी सगळ्यांची असते."

काढलं. पुढच्या सत्रात तास मिळणार की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांना काय म्हणणार?

उत्सवाच्या आधी वस्तीतल्या बायकांना घाट झाडायला बोलावलं. त्यांनी प्लॅस्टिक वेचलं, पायऱ्यांचा राडा खरवडला, चुना मारला. माय पण गेली. पायांना फडकी बांधून गेली. मी नको म्हणाले तर म्हणाली, "तू बोलणार हायेस ना तिथं? मग जागा चांगली दिसाया पायजे."

त्या दिवशी तिनं मी घेतलेली नवी साडी नेसली. केस चापूनचोपून बसवले. मंडप, फुलं, ढोल-ताशांचं पथक, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. नदीवरून वारा आला की ती माणसं नाकाला रुमाल लावायची, वारा पडला की रुमाल खिशात. शहरातून आलेल्या एका मुलीनं रांगेतल्या बायकांना कलश वाटले. मायच्या हातातही दिला. त्या मुलीला काय माहीत कोण कुठलं. मायनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि मंडपात मला शोधायला लागली. मी हात हलवला. ती हसली. माझ्या मायला असं हसताना मी फार कमी वेळा बघितलं आहे.

मग एक बाई आल्या. कार्यक्रमाच्या व्यवस्थेतल्या. चांगल्या घरच्या, गोड बोलणाऱ्या. मायच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा या बाजूला येता का? कलशाच्या रांगेत गावातल्याच बायका घ्यायच्यात, असं बापूंनी सांगितलंय."

गावातल्याच.

माय जन्मली जवळच्या खेड्यात. पण लग्न होऊन आली ती याच गावात. याच गावात तिचा नवरा मेला. याच नदीत त्याची राख.

माय म्हणाली, "व्हय, व्हय. घ्या की."

आणि तिनं कलश परत देण्याआधी पदरानं पुसला. जिथं जिथं तिचे हात लागले होते तिथं तिथं. काठ पुसला, पोट पुसलं, खालून पुसला. मग दिला. आणि बाजूला जाऊन चपलांच्या ढिगापाशी उभी राहिली, वस्तीच्या बाकीच्या बायकांत.

ती बाजूला केली गेली याचं मला तितकं वाटलं नाही. त्याची सवय आहे. तिनं कलश पुसला. कुणी सांगितलं नव्हतं. तरी पुसला. ते मला सहन झालं नाही.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले. हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मला नीट आठवतं मी काय बोलले, कारण फार बोलू दिलं नाही.

म्हणाले, "या कलशांमध्ये नदीचं पाणी नाही. जारचं पाणी आहे. कारण नदीचं पाणी इथं कुणीच हातात घेऊ शकत नाही. ते तसं कुणी केलं हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. आणि नदी सगळ्यांची असते असं मला सांगितलं गेलं. माझ्या मायनं याच घाटापाशी आजारी लेकरासाठी एक घागर भरली होती. ती ओतायला लावली. आमची वाटी लागली म्हणून सगळा झिरा उपसून टाकला. आज तिच्याच हातातून..."

बापूंनी पथकाकडं बघून मान हलवली. ढोल सुरू झाले.

मी बोलत राहिले. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. समोर माणसं बसलेली, माझ्याकडं बघणारी, आणि ढोल. कुणी उठलं नाही. कुणी ढोल थांबवा म्हणालं नाही. एक गृहस्थ मोबाइलवर बोटं फिरवत होते. मी माईक ठेवला. मायकडं गेले. वस्तीच्या बायकांनी माझ्यासाठी वाट केली, पण बघत होत्या जमिनीकडं. मायनं माझा दंड धरला. लई घट्ट.

"घरी चल," म्हणाली. घरी पोचल्यावर म्हणाली, "कशाला बोललीस? तुझ्या बोलण्यानं नदी पांढरी व्हनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी संजयला कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. काय झालं, का झालं, कुणी सांगितलं नाही. त्याचं कार्ड चालेना, एवढंच. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, या सत्रात तुमचे तास बसत नाहीयेत." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही विचारलं नाही. मग वस्तीतली म्हातारी माणसं आली. जय भीम घातला, बसली. एकजण म्हणाला, "पोरी, तू खरं बोललीस. पण आमच्या पोरांची कामं त्यांच्याच हातात हायेत. एकदा जाऊन भेट. झालं गेलं म्हण." ज्या भिंतीखाली तो बसला होता तिच्यावर तोच फोटो होता जो आमच्या प्रत्येक घरात असतो. पाण्याला हात लावायचा हक्क आम्हाला ज्यानं शिकवला त्याचा. मी फोटोकडं बघितलं. म्हाताऱ्यानं बघितलं नाही.

संजयला दोन लेकरं. त्याची बायको माझ्याशी बोलेना. मी गेले. माय आणि संजय बरोबर.

बंगल्यात आम्हाला आत घेतलं. सोफ्यावर बसवलं. माय मात्र सोफ्यावर बसेना, दाराजवळ खालीच बसली. चहा आला. सगळ्यांना सारख्याच कपात. बापू हुशार माणूस. कोपऱ्यात खुर्चीवर आक्का होत्या. ओळखू येईनात इतक्या वाळलेल्या. अंगावर शाल. डोळे मात्र तेच.

बापू म्हणाले, "मी जातबीत मानत नाही. माझ्याकडं निम्मी पोरं तुमचीच आहेत, विचार संजयला. पण तू माझ्या आईला चार लोकांत बदनाम केलंस."

"मी नाव घेतलं नव्हतं."

"गावाला कळतं. जाऊ दे. मला वाढवायचं नाही. तू फक्त एवढं म्हण की तसं काही घडलं नव्हतं. आईसमोर म्हण. तिला त्रास होतोय. उद्यापासून संजय कामावर. तुझ्या तासांचंही मी बघतो."

आक्का म्हणाल्या, "मला तर काईच याद नाय बाई."

मी संजयकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता. त्याचे बूट बाहेर होते आणि त्याच्या मोज्याला भोक होतं. अंगठा दिसत होता. त्यानं तो दुसऱ्या पायाखाली लपवला.

मी हरले. मला वाटलं, काय फरक पडतो? झिरा गेला, नदी गेली. एक वाक्य. म्हणून टाकावं आणि निघावं. मी म्हणाले, "मी तेव्हा लहान होते. लहानपणीचं माणसाला..."

बापू मान डोलवायला लागले.

"घडलं व्हतं."

माय बोलली होती. दाराजवळून. खाली बसूनच.

बापू म्हणाले, "मावशी, तुमचं वय झालंय. जुनं कशाला..."

"वय झालं म्हनूनच बोलते. पुन्हा बोलंन का नाय ठावं नाय." ती आक्कांकडं तोंड करून बसली. "घडलं व्हतं आक्का. तुमी घागर वताया लावली. म्या वतली, माझ्या हातानं. मग झिरा उपसाया लावला. तापलेलं पोरगं कोन व्हतं? ह्यो." तिनं संजयकडं बोट केलं. "ह्यो पानी पानी करत व्हता. मी तुमाला चुकलं म्हणले. लई डाव म्हणले. काय चुकलं व्हतं माझं? सांगा."

आक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांना आठवत होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

संजयनं मान वर केली. पहिल्यांदाच.

मी उठले. म्हणाले, "बापू, तसं घडलं होतं. मी उलटं म्हणणार नाही. आज नाही, नंतर नाही, कुणाच्या कामासाठी नाही." मायला हात दिला. ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. तिचे पाय ठणकत होते, दारापर्यंत यायला वेळ लागला.

वाटलं होतं बाहेर आल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. रिक्षाच्या थांब्यापाशी संजय म्हणाला, "झालं दोघींचं समाधान? आता माझ्या लेकरांना काय खायला घालू?" तो पुढं निघून गेला. आता तो सकाळी नाक्यावर उभा राहतो. काम मिळालं तर मिळालं. शेंद्र्याकडच्या कारखान्यांत प्रयत्न केला, तिथंही अजून काही जमलं नाही. माझ्याशी तो फारसा बोलत नाही. मी शिकवण्या घेते. मायचे पाय तसेच आहेत, उलट वाईटच. तिनं त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द काढलेला नाही.

नदीही तशीच आहे. आज सकाळी तांबडी होती.

यंदा बापू नदीचं पुस्तक काढतायत असं ऐकलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. घाट आहे, देऊळ आहे, हळद आहे, कलश आहेत. आमची वस्ती नाही म्हणे. वळणाच्या खाली नदी वाहतच नव्हती जणू. लिहिणारा बाहेरचा आहे. त्याला कुणी सांगितलं नसेल. मी त्याला गाठणार आहे. त्यानं ऐकलं नाही तर ज्या ज्या गावात, ज्या ज्या शाळेत, ज्या चौकात ते पुस्तक जाईल तिथं मी जाणार आहे आणि सांगणार आहे. एकटी सांगणार आहे. वस्तीनं सोबत केली नाही तरी. भावानं बोलणं सोडलं तरी.

माझ्या हयातीत ही नदी साफ होईल असं मला वाटत नाही. ते माझ्या हातात नाही. पण यांना नदी साफ करता येत नाही म्हणून हे तिचा इतिहास साफ करायला निघालेत. ते मी करू देणार नाही.